उभ्या ट्रकचं पाणी

३ नोव्हेंबर, सोमवार

पुन्हा कुलंट कमी, इंजिन थंड ठेवणारं ते पाणी. परवाच रेडिएटर काठोकाठ भरला होता. आज झाकण उघडून बोट घातलं — पाणी लागलंच नाही. खाली जमीन कोरडी. इंजिनाखाली ऑइलचे काळे डाग तेवढे आहेत. त्यांचं काही वाटत नाही, ट्रक जुना आहे. पप्पांनी घेतला तेव्हा मी शाळेत होतो. पण ऑइल सांडतं ते दिसतं तरी. हे हिरवं पाणी जातं कुठे?

हायवेवर टेंपरेचरचा काटा लालवर गेला. केळीचे घड मागे, इंजिन तापलेलं. तासभर उन्हात उभा राहिलो.

५ नोव्हेंबर, बुधवार

सातिवलीला चंद्रहासच्या गॅरेजमध्ये नेला. त्याने रेडिएटरला प्रेशरचा पंप लावला आणि आम्ही दोघं काट्याकडे बघत बसलो. काटा हलला नाही. सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही. ऑइलमध्ये पाणी नाही.

"ऑइलचं सांगतो. मागचा सील गेलाय, वरच्या कव्हरचं पॅकिंग पण. बदलून टाकू. पण कुलंट... ऑस्टिन, ही गाडी लीक नाहीये."

"मग जातं कुठे?"

"कोणीतरी पितंय," म्हणाला आणि हसला. मला नाही हसू आलं.

८ नोव्हेंबर, शनिवार

ऑइल थांबलं. ट्रकखाली पुठ्ठा पसरला होता, तो स्वच्छ. आणि रेडिएटर पुन्हा खाली गेलेला.

काल ट्रक हललाच नव्हता! उभ्या गाडीतून पाणी कसं जाईल?

दुपारभर ब्राउनी बंपरसमोर बसून होता. शेपटी हलवत, ओळखीचं माणूस समोर असावं तसा. दोनदा हाक मारली. कुत्रा वळूनही बघेना. पप्पा खुर्चीवरून त्याच्याकडे बघत होते, मजेत.

पप्पांनी हा ट्रक आयुष्यभर चालवला. आता बरंच विसरतात. मला जॉन म्हणतात — त्यांचा भाऊ, केव्हाच गेला तो. पण ट्रकला विसरत नाहीत. रोज त्याच्याभोवती एक फेरी. बॉनेटवर हात फिरवतात, काहीतरी बोलतात.

१० नोव्हेंबर, सोमवार

सकाळी रेडिएटर भरला. झाकणावरून दोरा बांधला. संध्याकाळी दोरा जसाच्या तसा. पाणी कमी.

१२ नोव्हेंबर, बुधवार

ब्राउनीला काय झालंय कळत नाही. दारू प्यायल्यासारखा चालतो. मागचे पाय एकीकडे, पुढचे एकीकडे. खात नाही. गुरांच्या डॉक्टरांकडे नेला. म्हणाले, विषारी काहीतरी पोटात गेलंय. शेजारी कोणी उंदरांसाठी टाकलं असेल.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

ब्राउनी गेला. वाडीत केळींच्या मागे पुरला.

१६ नोव्हेंबर, रविवार

बायकोच्या, लुईझाच्या मनात भीती बसलीय. ट्रकजवळ कपडे वाळत घालत नाही. मिस्सानंतर तिने फादरना घरी आणलं. त्यांनी प्रार्थना म्हटली, ट्रकवर पवित्र पाणी शिंपडलं. पप्पा टोपी काढून उभे होते. फादर गेल्यावर मला विचारलं, "जॉन, कोन मेला?"

त्यांना खुर्चीवर बसवलं.

चहानंतर झाकण उघडलं. पाणी खालीच होतं. लुईझाला सांगितलं नाही. चंद्रहास म्हणतो, आता इंजिनाचं हेड उघडू. उघडेल. सापडणार काहीच नाही, असं मला का वाटतंय?

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पप्पांचा तोल जातोय. भिंत धरून चालतात. जीभ जड झालीय. मला वाटलं, कोणी दारू पाजली. तोंडाचा वास घेतला — काही नाही.

लुईझा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. हळूच म्हणाली, "ब्राउनी असाच चालायचा." आणि कपाळावर-छातीवर क्रूसाची खूण केली.

मी तिच्यावर ओरडलो. पण तेच माझ्याही मनात आलं होतं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

हॉस्पिटल. पहाटेपासून पप्पांना उलट्या, लघवी बंद. किडन्या काम करत नाहीत. डॉक्टरबाईंनी रिपोर्ट पाहिला आणि मला बाजूला घेतलं.

"घरात गाडी आहे? कुलंट वगैरे कुठे ठेवता? ते गोड लागतं. विष आहे, पण गोड लागतं."

मी तिथल्याच बाकावर बसलो.

रेडिएटरला खाली एक तोटी असते, पाणी काढायला. चंद्रहासने पाहिली होती, घट्ट बंद, कोरडी. पप्पा घट्टच बंद करणार. आयुष्यभर त्यांनी स्वतःच्या हाताने ती उघडली, गाडीचं पाणी बदललं, पुन्हा आवळली. तेव्हा त्यात नुसतं विहिरीचं पाणी असायचं. ब्राउनी त्या तोटीसमोर बसायचा. पाणी गळत नव्हतंच. पप्पा काढत होते.

डायलिसिस सुरू केलंय. लुईझाला फोनवर सगळं सांगितलं. तिने शेडमधला कुलंटचा डबा कुलुपात टाकला.

२० नोव्हेंबर, गुरुवार

तसेच आहेत. डोळे उघडत नाहीत.

२२ नोव्हेंबर, शनिवार

पप्पा शुद्धीवर आले. मला ऑस्टिन म्हणाले! किती दिवसांनी. लघवी थोडी सुरू झालीय. डॉक्टरबाई म्हणाल्या, वाचतील.

त्यांचा हात धरून विचारलं, ट्रकमधून काय काढत होता? लहान मुलासारखे हसले. "खस सरबत. लुईझा गोड खाऊ देत नाय ना. ब्राउनीला पन द्यायचो वाटीत."

मग माझा हात दाबून म्हणाले, "तुमाला पन ठेवलाय. बाटली भरून. फ्रीजमदे, मागच्या बाजूला."

बाहेर येऊन लुईझाला फोन लावला. शेजारच्या बेटीमावशी पप्पांची चौकशी करायला आल्या होत्या. लुईझा दोन ग्लासांत बर्फ टाकत होती.