रुद्रेशनं धाडलेली मोटार

दिंद्रुड,
२१ डिसेंबर २०२४

चि. रुद्रेश,
अनेक आशीर्वाद. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हैदराबादच्या पत्त्यावर लिहितेय. आम्ही ठीक. थंडी बरीच पडलीय. दुकान अजून बंदच आहे.

अप्पांना अर्धांगवायू झाला, हे मी तुला मेसेजवर कळवलं होतं. आता उजवा हात थोडा हलतोय. बोटांना काम द्या, असं डॉक्टर म्हणाले. म्हणून तुमचा दोघांचा तो मेकॅनोचा, पट्ट्या-नटांचा डबा माळ्यावरून काढला. तू घर सोडलंस तेव्हा अर्धी राहिलेली क्रेन तशीच होती. महिनाभर नट पिळून अप्पांनी ती पुरी केली. पण दोरी गुंडाळायचा दांडा फिरवायला हातात जोर नाही. "हिला मोटार बसव," म्हणाले.

गिअरची छोटी मोटार मी मागवली. पार्सल बघून त्यांनी विचारलं, "कुणी धाडलं गं?"

"रुद्रेशनं."

कसं तोंडातून गेलं, कळलं नाही. त्या दिवशी त्यांनी आपण होऊन दाढी करायला सांगितली.

मग मोटार बसेना. तिचा दांडा जाड, क्रेनची दोरी गुंडाळायची सळई बारीक. तिची भोकं पट्टीच्या भोकांशी जुळेनात. माजलगावला राधाकिशन टर्नरकडे दोन खेपा घातल्या. त्यानं दोन्ही दांडे जोडणारी पितळी नळी करून दिली. तरी नळीचा स्क्रू गोल सळईवर घसरायचा. मोटार गुरगुरायची, दोरी हलायची नाही.

"कावून फिरंना? रुद्रेशला इचार की."

मी ओट्यावर जायची, बंद फोन कानाला लावायची. सळई एका बाजूनं कानशीनं सपाट कर, हे खरं तर राधाकिशननं सांगितलं. आत येऊन मी तुझं नाव घेतलं.

काल चालली. दुकानातलं अर्ध्या किलोचं माप हळूहळू वर चढलं. अप्पा एकटक बघत होते. मग म्हणाले, "त्या दिवशी मी त्याला चालता हो म्हनलो. लई वंगाळ बोललो. तरी त्यानं धाडली." आणि रडायला लागले.

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. मी फक्त त्यांचं तोंड पुसलं.

पाच महिने झाले मला इथे. त्यांना उठवणं, न्हाऊ घालणं, गोळ्या देणं, त्याचं काही नाही. ते करीन. पण तुझ्या वाट्याचं बोलणं आता माझ्यानं होत नाही.

क्रेन वजन उचलते, पण वळत नाही. वळायला दुसरी मोटार लागते. "कधी धाडणार हाय तो?" अप्पांचं सकाळपासून दोनदा विचारून झालं. मागवली तर चार दिवसांत येईल.

मी मागवणार नाही.

तुझ्या नावानं बोलून थकलेली,
तुझी अक्का
शिवांजली