काटा तळाशीच

गुरुवार, ११ मार्च. संध्याकाळ.
...तरीही गाडीखालून बाहेर आलो नाही. पाठीखाली पुठ्ठा, तोंडात टॉर्च. मेहुण्याने वरून दोनदा विचारलं, भाऊजी, सापडलं का काही? निरीक्षणाला शांतता लागते, हे त्याला कुणी शिकवलेलं नाही.

गाडी लाँड्रीवाल्याची, विकायला काढलेली. आत स्टार्चचा वास. मूळ इंजिन बसलं, म्हणून गेल्या वर्षी त्याने दुसऱ्या, मोठ्या गाडीचं इंजिन घालून घेतलं. हे त्याने स्वतःहून सांगितलं. लबाड माणूस सांगेल का? म्हणाला, साहेब, हृदय बदललंय, माणूस तोच आहे.

घरी बायकोला हे ऐकवलं. ती नर्स. म्हणाली, हृदय बदललेल्याला आम्ही जन्मभर तपासायला बोलावतो.

सोमवारपासून तिची नवी नोकरी, डोंगरापलीकडच्या हॉस्पिटलात. हेड नर्स. ड्यूटी सकाळी सातची, पहिली बस पोचते आठनंतर. गाडी नसेल तर ती तिथेच क्वार्टरमध्ये राहणार, रविवारची घरी येणार. मला एकट्याला राहता येतं. प्रश्न तिचा आहे. तिला तिथे झोप लागायची नाही.

शुक्रवार, १२ मार्च.
संकल्प : भावनेच्या आहारी जायचं नाही.

इंजिन गार असतानाच सुरू करून बघायचं, असं सगळ्या व्हिडिओंत सांगतात. सकाळीच गेलो. आधी फोन करून गेलो. न सांगता जाणं बरं दिसत नाही. बॉनेट गरम होतं. मेहुणा कानात म्हणाला, आधीच चालू करून ठेवली होती यांनी. मी सरळ लाँड्रीवाल्याला विचारलं. म्हणाला, तुमचा खोळंबा नको म्हणून. अशी माणसं आता राहिली नाहीत.

इंजिन जिथे टेकतं तिथे रबरी चपलेचा तुकडा कापून घातलाय. निळा. मेहुणा हसत सुटला. म्हणाला, दुसरी चप्पल कुठाय ते विचारा. थरथर कमी होते, हे त्याला कोण समजावणार?

त्याचं म्हणणं, गॅरेजवाल्याला दाखवू. गॅरेजवाल्याचं पोट बिघाडावर. तो कशाला बरं म्हणेल?

शनिवार, १३ मार्च.
बायकोला घेऊन बाजारापर्यंत फेरी मारली. तापमानाचा काटा तळाशी. जाताना, येताना, जरासुद्धा हलला नाही. थंड डोक्याचं इंजिन. हे मोठ्याने म्हटलं. बायको मागच्या सीटवरून म्हणाली, अंगाला चटका बसतोय आणि पारा चढत नाही, असं झालं की मी आधी थर्मामीटर बदलते. शेजारी बसलेला लाँड्रीवाला हसला. मग एकदम थांबला. त्याला खोकला असावा.

उतरल्यावर तिने विचारलं, नाही घेतली तर काय होईल रे? म्हटलं, तू क्वार्टरमध्ये राहशील. म्हणाली, मग?

या प्रश्नाला काही अर्थ नव्हता. व्यवहार पक्का केला.

रविवार, १४ मार्च.
गाडी दारात. धुतली. पुन्हा धुतली. इंजिन सुरू करून ऐकलं. एक आवाज येतो. रेडिओ लावला की येत नाही.

बायकोने डिकीची किल्ली मागितली. गाडी तिला आवडायला लागलीय. मला ठाऊक होतं.

सोमवार, १५ मार्च.
साडेपाचला निघालो. सपाटीला उत्तम. मी तिला म्हटलं, बघ. ती बाहेर बघत होती.

चढ लागला. वास आला. मी म्हटलं, स्टार्च. ती म्हणाली, स्टार्च नाही हा, थांबव. मी म्हटलं, काटा बघ, तळाशी आहे. ती म्हणाली, काटा राहू दे, समोर बघ. बॉनेटमधून वाफ. पुढच्या वळणाला थांबू म्हटलं. वळणाच्या आधी गाडीच थांबली. मग किल्ली फिरवून उपयोग नव्हता.

पाणी शोधायला डिकी उघडली. आत तिची बॅग. युनिफॉर्म, चादर, छोटा कुकर. वर तिची उशी. हे कधी भरलंस, विचारलं. म्हणाली, शनिवारी भरली, काल ठेवली. रागावली नव्हती. रागावली असती तर मला बोलता आलं असतं.

अंड्यांचा टेम्पो आला. तिने हात केला. ड्रायव्हरशेजारी बसली, उशी मांडीवर घेऊन. निघताना म्हणाली, रेडिएटरचं झाकण लगेच उघडू नकोस, भाजशील.

लगेच नाही उघडलं. थोडं थांबून उघडलं. डाव्या हाताला भाजलंय. लिहायचा हात उजवा, त्यामुळे अडचण नाही.

मेहुण्याने दोर बांधून गाडी घरी ओढून आणली. निळ्या चपलेवरून हसला नाही. एरवी किती हसतो. गॅरेजवाल्यालाही त्यानेच बोलावलं. तो म्हणाला, इंजिन कायमचं बसलं. बदललं तेव्हापासून काट्याची वायर जोडलेलीच नव्हती.

तिचा फोन आला. वेळेत पोचली. झोप लागेल का तिथे, विचारलं. म्हणाली, न लागायला काय झालं? मग म्हणाली, हाताला काय लावलंस? हाताचं मी सांगितलं नव्हतं.

मंगळवार, १६ मार्च. सकाळ.
रात्रभर झोप नाही. उकडत होतं.

गॅरेजवाला येऊन काट्याची वायर जोडून गेला. काटा तळाशीच आहे. म्हणाला, आता बरोबर दाखवतोय.

बसने कामावर निघालो.