दिलजमाईच्या दिवशी

आबा,

तुम्ही गेलात त्याला साठ वर्षं होऊन गेली आणि मला आत्ता कुठं तुम्हाला पत्र लिहायचं सुचलंय. लिहिते म्हणायचं आपलं. मला अक्षर येत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. मी बोलते आणि नातसून लिहिते. ती हिंजवडीला कंपनीत जाते, दिवसभर कॉम्प्युटर बडवते, पण आज तिला वही-पेन घेऊन बसवलंय. फोनवर लिहिलेलं कुठं कुठं जातं कुणास ठाऊक, आणि सध्या आपल्या घरातलं काही बाहेर जाऊ नये अशी वेळ आहे. मी 'हाय' म्हणते, ती 'आहे' लिहिते. म्हटलं, लिही बाई तुझ्या मनासारखं, मेलेल्या माणसाशी जरा नीटच बोललेलं बरं.

आज चार वाजता देवळापुढच्या मांडवात आपल्या घराची दिलजमाई आहे. कुणाशी? तुम्हाला ज्यांनी मारलं त्यांच्याशी. पाच जण होते. त्यातले चार तुमच्याकडंच आले आहेत. भेटले तर ओळख द्यायची की नाही ते तुम्ही बघा. पाचवा अजून हितंच आहे, ऐंशीच्या घरात. स्टेजवर दोन खुर्च्या मांडणार, एकीवर तो, एकीवर मी. मी त्याला शाल घालायची, त्यानं मला साडी द्यायची, आणि लोकांनी टाळ्या वाजवायच्या. साडी तर कालच घरी आली, ताटात घालून. चांगली भारी आहे. एवढी भारी साडी मला तुमच्या जावयानंसुद्धा कधी घेतली नाही. रस्त्याला फलक लागलाय, त्यावर माझा फोटो आहे. कुठल्यातरी लग्नातला उचललाय आणि माझे हात जोडलेले दाखवलेत. मला वाचता येत नाही, पण स्वतःचं तोंड ओळखता येतं. खाली काय लिहिलंय ते नातसुनेनं वाचून दाखवलं: 'जुनं विसरू, गाव घडवू'. माझे हात मी जोडले नव्हते, आबा. त्या लग्नात माझ्या हातात जिलेबीची ताटली होती.

हे सगळं कशासाठी, तर ग्रामपंचायतीसाठी. त्या म्हाताऱ्याचा नातू सरपंचाला उभा आहे. समोरच्या पॅनलमधून आपला नातू उभा आहे, म्हणजे तुमचा पणतू. पिरंगुटला कारखान्यात जातो, शांत आहे, पण नाकावर तुमचाच राग. तीन आठवड्यांमागं चहाच्या टपरीवर एकानं त्याला हसत हसत विचारलं, "पणजोबाचं काय झालतं ते घरच्यांनी सांगितलंय ना तुला?" एवढंच. पाठीवर थाप मारली आणि चहाचे पैसेही त्यानंच दिले. त्या दिवसापासून भर दुपारी आपल्या दारावरून दोन मोटारसायकली जातात. त्यांना नंबर नाहीत. थांबत नाहीत, बोलत नाहीत, आपल्या दारापाशी आल्या की हळू होतात. मग चार मोठी माणसं आली, पेढे घेऊन. म्हणाली, "आजी, दोन घरांचं वैर मिटवून टाकू. तुमी म्हाताऱ्याला माफ केलं असं एकदा गावापुढं सांगा, आन् नातवाला म्हणावं, अर्ज मागं घे. सगळ्यांचंच भलं व्हईल." मी म्हटलं, "न्हाई केलं तर?" त्यातला मोठा म्हणाला, "तसं कशाला म्हनता, पेढा घ्या." उद्या अर्ज मागं घ्यायचा शेवटचा दिवस आहे. म्हणून दिलजमाई आज.

तुम्हाला त्या दिवसाचं किती आठवतं ते मला माहीत नाही. मला सगळं आठवतं. मी नऊ वर्षांची. त्याच आठवड्यात तुम्ही पौडच्या बाजारातून मला पाटी आणली होती आणि म्हणाला होता, आमच्या घरात पहिली अक्षरं ही शिकणार. आणि त्याच आठवड्यात मी मडक्यातला गूळ खाऊन नाही म्हटलं, म्हणून चुलीपाशी माझा कान धरलात. "खोटं बोललीस तर जीभ हासडीन." आई हसू दाबत भाकरी थापत होती. मतदानाला एक दिवस उरला होता. खालच्या आळीची मतं तुम्ही फिरवलीत असं सगळे म्हणत होते, आणि तुम्हाला ते ऐकायला आवडत होतं. खोटं सांगू नका. दुपारी मी तुमची भाकरी घेऊन खाचराकडं निघाले. भात कापून झालं होतं, भाऱ्यांची उडवी रचलेली होती, माणसाच्या दुप्पट उंच. मी उडवीमागं पोचते आणि पलीकडून आवाज येतो. ओरडल्याचा नाही. कपडे धुताना धोपटणं मारल्यावर येतो तसा. मी भाऱ्यांच्या फटीतून बघते. पाच जण आहेत. चौघांच्या हातात काठ्या आहेत. पाचवा, एकोणीस वर्षांचा, वरच्या खाचरवाल्यांचा पोरगा, तुमचे पाय धरून बसलाय. तो तुम्हाला मामा म्हणायचा. आदल्या दिवाळीत आपल्या चुलीपाशी बसून माझ्या वाटणीच्या करंज्या त्यानं खाल्ल्या होत्या.

तुम्हाला बैलगाडीत घालून पौडला नेलं. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. मग फौजदार आला, मला जवळ बसवून म्हणाला, "बाळ, भाकरी घेऊन तू गेलतीस ना? कोण कोण दिसलं?" आई माझ्या शेजारी होती. तिनं पदराखालून माझ्या मांडीला चिमटा घेतला. असा की महिनाभर काळानिळा वण राहिला. मी म्हटलं, मला कोणी दिसलं नाही. तुम्ही जीभ हासडायला नव्हतात. केस तिथंच संपली.

चिमट्याचा अर्थ मला पुढच्या पावसाळ्यात कळला. आपली खाचरं खाली, त्यांची वर. पाऊस तुटला की वरच्या बांधाचं तोंड उघडून पाणी खाली सोडल्याशिवाय आपलं भात पोसत नाही, आणि ते तोंड उघडणं न उघडणं त्यांच्या हातात. त्या वर्षी पाऊस तुटला. पाणी सोडलं. पुढच्या वर्षीही सोडलं. दरवर्षी सोडलं, आपण मागायच्या आधी. आई बांधावर उभी राहून पाणी येताना बघायची आणि काही बोलायची नाही. दोन पोरी, पुरुष माणूस नाही. तिनं काय सौदा केला, कुणाशी केला, की कुणीच काही न बोलता तो झाला, मला कधीच कळलं नाही. पण आम्ही जगलो ते त्या पाण्यावर. गंमत बघा, त्या घरातलं कुणी दारात आलं तर त्याला आपल्या तांब्यातलं पाणी द्यायचं नाही ही तुमच्या घराची रीत, आणि त्यांनी सोडलेल्या पाण्याचा भात मात्र साठ वर्षं चवीनं खाल्ला. आईनं मोठं करून मला ह्याच घरात ठेवलं, जावई घरी आणला, तुमची जमीन राखली. पाटीवर आईनं वाळवणाचं मीठ पसरलं. मी आईला कधी काही विचारलं नाही. तुम्ही वर विचारलं असेल तर मला सांगू नका.

आता चार दिवसांमागचं ऐका. बुधवारी सकाळी मी अंगणात तांदूळ निवडत होते आणि तो म्हातारा काठी टेकत दारात आला. एकटा. साठ वर्षांत आमचं एक अक्षर बोलणं नाही. ओट्याच्या कडेला बसला, दम लागला होता. मी म्हटलं, "कुणाकडं आलात? चुकून आलात काय?"

"न्हाई. तुज्याकडंच."

"दिलजमाई रविवारी हाय. आज बुधवार. लई घाई झालीया व्हय?"

तो हसला नाही. म्हणाला, "मी माफी मागायला न्हाई आलो. मागितली तर तुला द्यावी लागंल, आन् मग ती माज्या नातवाच्या कामाला येईल." मग काठीकडं बघत म्हणाला, "तुज्या नातवाला आवर. ती मोटारसायकलवाली पोरं मी बघितल्यात. आमच्या वसरीवर बसत्यात, खातात-पितात, हसत्यात. त्या आठवड्यात आमी पाच जन असंच हसत व्हतो."

मी निवडत राहिले. मग तो म्हणाला, "तू उडवीमागं व्हतीस."

हातातलं सूप खाली ठेवावं लागलं, आबा.

"तुजा लाल परकर मला भाऱ्यांतनं दिसला. मी खाली बसलो व्हतो ना, मलाच दिसला. बाकीच्यांना सांगितलं असतं तर... सांगितलं न्हाई."

"मग काय, उपकार केलात?" मी म्हटलं. "तुमचं पाय धरू का आता? पाय धरायचं तुमाला चांगलं जमतं."

त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण ते त्यानं पुसलं नाही, तसंच राहू दिलं. मग म्हणाला, "म्हण. म्हणायचंच हाय तुजं." मी पुष्कळ म्हटलं. काय काय म्हटलं ते नातसुनेला लिहायला लावत नाही, पोरगी शिकलेली आहे. तो ऐकत बसला. माझं संपल्यावर त्यानं विचारलं, "आता काय करू?" आणि मी म्हटलं, "रविवारी स्टेजवर बसणारच हायसा ना? मग शालीच्या आधी तुमीच सांगा. कोण कोण व्हतं, कुणी पाठवलं, माझ्या बापाचं पाय कुणी धरलं. माफीचं मग बघू." तो बराच वेळ काठीच्या टोकानं माती उकरत राहिला. "सांगतो," म्हणाला. "नातू मारून टाकंल मला, पर सांगतो." जाताना त्यानं पाणी मागितलं. मी दिलं. आपल्याच तांब्यातलं. तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा.

आता माझा मूर्खपणा. साठ वर्षं पोटात ठेवलं ते ठेवलं, आणि हे चार दिवस ठेवता आलं नाही. शुक्रवारी संध्याकाळी तुमचा पणतू तणतणत घरी आला, म्हणाला, "आजी, तू त्या खुन्याला शाल घालणार? लाज वाटत न्हाई?" मला सोसलं नाही. मी म्हटलं, "बघच तू रविवारी, म्हातारा स्वतःच्या तोंडानं काय सांगतो ते." त्याचा चेहरा उजळला. मला बरं वाटलं. शनिवारी पहिल्या पाळीला पिरंगुटला जाता जाता तो त्याच टपरीवर त्याच माणसांना ऐकवून गेला, "उद्या या सगळे, तुमचा म्हाताराच तुमचं नाक कापणार हाय." तुमचाच पणतू. बोलायची खाज कुठून आली ते मी सांगायला नको.

काल दुपारी मी दळण घेऊन गिरणीत गेले तर म्हाताऱ्याची सून रांगेत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "मामांना बरं न्हाई. पुण्याला नेलंय."

"कुठल्या दवाखान्यात?"

"मला न्हाई सांगितलं."

"कवा नेलं?"

तिनं डबा उचलला आणि दळण न दळताच गेली. मी घरी यायच्या वाटेवर मुद्दाम त्यांच्या दारावरून आले. ओसरीवर ती पोरं बसलेली. हसत होती. उंबऱ्याशी म्हाताऱ्याच्या चपला होत्या, एकीवर एक पालथी पडलेली. माझ्याकडं बघून एक जण उठला आणि दोन्ही हात जोडून म्हणाला, "या आजी, पानी घ्या." फार अदबीनं.

नातसुनेनं इथं पेन ठेवलंय. म्हणते, "आजी, नका ना जाऊ. ह्यांना सांगा, माघार घ्या म्हणावं." म्हटलं, तूच सांगून बघ, बायकोचं ऐकतात म्हणे हल्लीची माणसं. ती म्हणते, रात्रीपासून सांगतेय. तो ऐकत नाही. तो अर्ज मागं घेणार नाही, मी शाल घातली तरी नाही आणि न घातली तरी नाही. म्हणजे गप्प बसून आता काही वाचत नाही, आबा. आईनं गप्प बसून दोन पोरी वाचवल्या, मी तिला नाव ठेवत नाही. पण ते पाच जण गावात ताठ मानेनं जगले, हारतुरे घेतले, आणि त्यांच्या पोरानातवंडांना वाटलं की माणूस मारला तर फार तर दरवर्षी खाली पाणी सोडावं लागतं. ते शिकवायला माझ्या चिमटा घेतलेल्या मांडीचाही हात लागलाय.

मी जाणार आहे. घरचंच लुगडं नेसून. ती साडी ताटात आहे तशीच परत नेणार. दुसरी खुर्ची रिकामी असेल हे मला माहीत आहे. ते म्हणतील आजारी आहेत, त्यांच्या वतीनं नातवाला शाल घाला. तेव्हा मी माईक मागणार. म्हातारीला माईक नाही म्हणायला अजून कुणाची छाती होत नाही. तुम्हाला वाटेल, पहिल्यांदा तुमचं नाव घेईन. नाही घेणार. आधी सगळ्या गावादेखत विचारणार की म्हातारा कुठं आहे, त्याला इथं आणा, तोवर मी खाली बसत नाही. तुमचं मग. तुम्हाला साठ वर्षं थांबायची सवय आहे, त्याच्याकडं तेवढा वेळ नसावा.

मांडवात न्यायला त्यांची गाडी आली वाटतं. हॉर्न वाजतोय. हे पान फाडून कुठं ठेवू असं पोरगी विचारते. म्हटलं, वहीतच राहू दे, तुम्हाला कुठं पोचवायचंय. एक तेवढं राहिलं. आज सकाळी देवापुढं दिवा लावला आणि हात जोडले, हे खरेच जोडले. नातवासाठी मागायचं ठरवून बसले होते. तोंडातून पहिल्यांदा त्या म्हाताऱ्याचं नाव निघालं. नातवाचं मग आठवलं. हे शेवटचं लिहू नको, असं मी हिला म्हणतेय, आणि ही मान वर न करता लिहितेय.