रांगेत आई बसली होती

दुर्गेशदादा, जय भीम.

विहारातली माझी लिसनिंग ड्यूटी, जिले तू हसला होता, ती सुरूच आहे. वंदनेनंतर लोक माझ्यासमोर बसून मन मोकळं करतात. नियम एकच, ऐकलेलं बाहेर सांगायचं नाही.

मागच्या रविवारी रांगेत आई बसली होती.

"आई, घरी बोल ना वं."

"घरी तू मोबाईल पाहून राहते. इथं तरी ऐकशील."

तू घर सोडल्यापासून दोन वर्षं तिनं तुझं नाव काढलं नव्हतं. त्या दिवशी अर्धा तास तुझ्याबद्दलच बोलली. मी नुसती तिचा हात धरून बसली.

हे अर्धं लिहिलेलं पत्र आठवडाभर बॅगेतच आहे. ती काय बोलली ते लिहिलं तर नियम तुटते, नाही लिहिलं तर तू घरी येणार नाही. तूच सांग, काय करू?

तुझी उन्नती