कॅप्टनचा कोट

३ मार्च

शी! पुन्हा तेच सुरू झालं.

आज उत्सव समितीची माणसं मापं देऊन गेली. चौतीस कोट शिवायचे. निळी बनात, ते जाड लोकरी कापड, पिवळी गळपट्टी, प्रत्येकाला बारा पितळी बटणं. दर वर्षी मैदानावर ज्या हल्ल्याचा देखावा करतात, त्याला यंदा दीडशे वर्षं होतात म्हणून सगळे नवे हवेत. जुने म्हणे फोटोत मळकट दिसतात. किराणा दुकानदार, बँकेतले कॅशियर, दातांचे दोन डॉक्टर — सगळे पोटं आत ओढून माझ्यासमोर उभे! दुकानदार म्हणतो, "वहिनी, काखेत जरा सैल ठेवा. गोळी लागल्यावर हात वर जायला हवा." आणि खदाखदा हसले सगळे.

आणि आमचे हे! चौदा वर्षं झाली, कॅप्टनचं काम दुसऱ्या कुणाला देत नाहीत. वय सत्तावन्न, खुबा दुखरा, डॉक्टरांनी घोड्यावर बसायला साफ मनाई केलेली. तरी परसात गाद्या टाकून पडायचा सराव चालू. स्टुलावर चढायचं — धप्प! उठायचं, पुन्हा चढायचं — धप्प! मी मशीन जोरात चालवलं, आवाज ऐकू नये म्हणून.

४ मार्च

धप्प. सकाळी सहाला.

७ मार्च

दिवसभर काजं. बोटं सुजली. हात चालू असले की डोकं भलतीकडे जातं.

आमच्या गावात प्रत्येकाला तो हल्ला तोंडपाठ. सहा आठवड्यांचं युद्ध, त्यातली शेवटची दुपार. चिठ्ठीत लिहिलं होतं की डावीकडच्या टेकडीवर जा. वाचणाऱ्यानं उजवीकडच्या असं वाचलं. उजवीकडे तोफा होत्या. एकशे साठ स्वार गेले, सात मिनिटांत सगळं आटपलं, एक्केचाळीस परतले. दोनच दिवसांनी तह झाला! म्हणजे घरी बसले असते तरी चाललं असतं. पण शाळेत आम्हाला हे कुणी असं सांगितलं नाही. शाळेत चित्र काढायला लावायचे — कॅप्टन, छातीत गोळी, तलवार वर, तोंड शत्रूकडे.

यंदा मुलांसाठी स्पर्धा ठेवलीय : उत्तम वीरमरण. पहिल्या तिघांना ढाल. समितीच्या अध्यक्षांनी हे मला अगदी कौतुकानं सांगितलं. ते निवृत्त मुख्याध्यापक, त्यांचे पणजोबा त्या एक्केचाळीसांतले. मला चहा कडू लागला.

८ मार्च

संग्रहालयातून खरा कोट आला. कॅप्टनचा. ह्यांचा कोट हुबेहूब त्यावरून बेतायचा म्हणून क्युरेटर स्वतः घेऊन आले, पांढऱ्या कापडात गुंडाळून, तान्हं मूल आणावं तसा. "ताई, तीन दिवस. उन्हात ठेवू नका." काचेच्या पेटीत तो नेहमी समोरून दिसतो. छातीवर डावीकडे भोक — दिवा नेमका त्याच्यावर.

मी पहिल्यांदाच पाठ बघितली. पाठ धड होती. म्हटलं, बरं, गोळी आतच राहिली असेल.

९ मार्च

पाठ धड नाही.

पाठीचं माप घेत होते, तर खांद्याखाली बोटाला जाड लागलं. रफू. इतकं बारीक की डोळ्याला दिसत नाही, फक्त बोटाला कळतं. अस्तराची शिवण चार बोटं उसवली आणि आतून पाहिलं. रफूखाली भोक. त्याचे धागे आत वळलेले. छातीवरच्या भोकाचे बाहेर. म्हणजे गोळी शिरली पाठीतून, निघाली छातीतून!

एवढंच असतं तर म्हटलं असतं, पळत होता बिचारा, लागली. पण पाठीतल्या भोकाची कड जळलेली आहे. इस्त्री विसरली की लोकर जशी कडक, तपकिरी होते आणि नखानं चुरते, तशी. तीस वर्षं मी कपडे जाळतेय आणि भरून देतेय, मला ते कुणी शिकवायला नको. तोफांच्या टेकडीवरून आलेली गोळी कापड जाळत नाही. ही हात-दीड हातावरून झाडलेली.

मागे तेव्हा फक्त आपलीच माणसं होती.

११ मार्च

कोट घेऊन संग्रहालयात गेले. क्युरेटरनी भिंग लावून पाहिलं, बराच वेळ. मग दार लावून घेतलं. मग अध्यक्षांना फोन!

अध्यक्ष आले ते घामाघूम. त्यांनी कोटाकडे पाहिलंसुद्धा नाही. "कॅप्टन साहेबांनी वळून माणसांना हाक मारली असेल."

"मग जळलेलं कसं?"

"उंदीर, कसर, काहीही असेल. दीडशे वर्षं झाली!"

"कसर जाळत नाही."

तेव्हा म्हणाले, "बाई, तुम्ही कोट शिवा. इतिहास आम्ही शिवतो." आपण काय बोललो हे त्यांना कळलंही नाही. क्युरेटर खाली बघत होते. निघताना दारापाशी कोट पुन्हा माझ्या हातात देत हळूच म्हणाले, "ताई, अस्तर पुन्हा होतं तसं करून द्याल ना?"

सगळ्यांना माहीत होतं का? का कुणालाच माहीत करून घ्यायचं नाही?

१२ मार्च

वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. दोन पानं. फोटो काढून ठेवले. उद्या टाकणार. ह्यांना काही सांगितलं नाही — हे परसात कॅप्टन होते.

१३ मार्च

पत्र टाकलं नाही.

सासूबाईंना सांगितलं, म्हणून. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. त्यांचे केस विंचरत होते. चौऱ्याऐंशी वर्षांच्या, ऐकू कमी येतं, म्हणून जवळजवळ ओरडून सांगितलं — आई, कॅप्टनला त्याच्याच माणसानं मारलं!

"ओरडू नकोस," त्या म्हणाल्या. "आपल्यानंच मारलं."

मला वाटलं, आपल्या सैन्यातल्या. म्हटलं, हो, तेच म्हणतेय मी.

"आपल्या घरातल्यानं. ह्यांच्या आजोबांनी." ह्यांच्या म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या. म्हणजे आमच्या ह्यांचे पणजोबा! भिंतीवर फोटो आहे त्यांचा. एक्केचाळीसांत नाव आहे, मी दर वर्षी त्या दगडावर फुलं ठेवलीत.

फणी माझ्या हातातच राहिली. त्या शांतपणे बोलत होत्या, कुठल्याशा लग्नाची हकीकत सांगावी तशी. त्यांच्या सासूबाईंनी म्हाताऱ्याचं शेवटचं सगळं केलं, त्यांना त्यानं सांगितलं होतं. तोफांपुढून एक्केचाळीस जण आणि कॅप्टन कसेबसे ओढ्यात परतले. निम्मे घोडे लंगडे, एकाचा हात लोंबत होता. कॅप्टनला मात्र खरचटलंही नव्हतं. तो म्हणाला, रांग धरा, पुन्हा एकदा. कुणीतरी रडायला लागलं. तो म्हणाला, रडणाऱ्याला मी इथंच गोळी घालीन. आणि टेकडीकडे तोंड करून तलवार उपसली. पणजोबा त्याच्या मागं होते. वीस वर्षांचे.

"मग?"

"मग काय. कुणी काही पाहिलं नाही. बाकीच्या चाळीस जणांनी शपथ घेतली. आणि म्हातारा मरेपर्यंत भिंतीला पाठ लावून झोपायचा. दिवसासुद्धा."

मी म्हटलं, आई, ह्यांना माहीत आहे?

"नाही गं. त्याला नको सांगूस. मिरवतोय तर मिरवू दे. चार दिवसांचा आनंद."

१४ मार्च

अस्तर शिवून टाकलं. होतं तसं. पत्र चुलीत घातलं. काल परक्याचा खून होता तर मला सत्य हवं होतं. आज घरातला निघाला तर टाके घालतेय. आजवर सगळ्या गावाची किळस वाटत होती. आज माझीच वाटली.

१५ मार्च

कितीदा मनात येतं — खून कसला? एक्केचाळीस माणसं घरी आली. अध्यक्षांचे पणजोबा आले, म्हणून आज अध्यक्ष आहेत! मग वाटतं, पाठीत गोळी ती पाठीत गोळीच. मग शिवायला बसते.

१८ मार्च

मैदानावर तालीम. घोड्यांना फटाक्यांची सवय व्हावी म्हणून सकाळपासून फटाके. एक घोडी घामानं पांढरी झाली, डोळे फिरवत होती, आणि लोक तिच्याबरोबर फोटो काढत होते. ध्वनिक्षेपकावर अध्यक्ष : "मरणाऱ्यांनी खुणेच्या झेंड्यापुढे मरू नये!"

हे आले, तलवार उपसली. ज्यानं मारलं त्याचा पणतू, मेलेल्याच्या कोटावरून मी बेतलेल्या कोटात, छाती काढून! मला बघवेना. मी तोंड फिरवलं, नेहमीसारखं. धप्प ऐकलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

घरी येताना म्हणाले, "कसं झालं?" मी म्हटलं, "तुम्हाला लाज नाही वाटत?" कोटावरची माती झटकत पुढे चालू लागले.

२१ मार्च

आज खरा देखावा. हे घोड्यावरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. उद्या शस्त्रक्रिया.

दवाखान्यात कोट कापायला निघाले होते. मी म्हटलं, थांबा, मी उसवते. कडेकडेनं टाके काढत होते, तेव्हा हे डोळे मिटूनच म्हणाले, "पाठीतून होती ना गोळी?"

मी पुढचा टाका उसवला.

"अस्तर उघडलंस त्या दिवसापासून तुझं तोंड बघतोय मी. आजीनं जाताना सांगितलं होतं मला. आईला वाटतं, मला ठाऊक नाही."

"मग हे सोंग कशाला? चौदा वर्षं!"

"आमच्या माणसानं पाडलं त्याला. एक्केचाळीस घरं उभी राहिली, पण तो पडला. कुणी कधी एका शब्दानं कबूल केलं नाही. म्हटलं, वर्षातून एकदा आमच्यातल्या कुणीतरी त्याच्या जागी पडावं. दुसरं मला काही सुचलं नाही गं."

चौदा वेळा पडले हे. मी एकदाही पाहिलं नाही.