तिसरी फ्रेम

लातूर, जानेवारी २०१३

प्रिय मंजुषा,

तुझा फोन आला तेव्हा मी धड काही बोलले नाही, हे तुझ्याही लक्षात आलं असेल. "खाला, बाळ व्हायच्या आधी मला आईचा चेहरा बघायचाय. ते कुणावर गेलंय हे सांगणारं माझ्याकडं कुणीच न्हाई," असं तू म्हणालीस. मी "बघते" म्हणून फोन ठेवला. तेव्हापासून मन एका जागी बसत नाही. चहा ठेवते आणि उतू जातो. दुकानात गिऱ्हाईक फोटोसाठी समोर बसलेलं असतं आणि मी त्याला दुसऱ्यांदा हनुवटी वर करायला सांगते. म्हणून आज लिहायलाच बसले. फोनवर तुझा श्वास ऐकू येतो आणि मग मला सगळं सांगता येत नाही.

तुझ्याकडे आहे तो फोटो मीच तुझ्या वडिलांच्या, गुरुपादप्पा अण्णांच्या हातात दिला होता. काळ्या दगडाचं तुमचं घर, वर मातीचं माळवद, अंगणात ऊन, उंबऱ्यापाशी तू चार वर्षांची, आणि तुझ्यामागे दाराचा तो काळा चौकोन. अण्णा त्या चौकोनावर बोट ठेवून तुला सांगायचे की तुझी आई गुरम्मा आत बसलेली आहे. तू फोटो दिव्याजवळ नेऊन बघायचीस. पुढे नांदेडला पोरांना बायॉलॉजी शिकवायला लागलीस तेव्हा हसत म्हणाली होतीस की डोळ्याचा धडा शिकवताना मला दरवेळी तो दरवाजा आठवतो. मी तेव्हा हसले नव्हते.

आमचे हे, तुझे सरदारकाका, त्या गावाला गणपती विसर्जनाचे फोटो काढायला गेले होते. मिरवणुकीला वेळ होता, म्हणून अण्णांनी आधी घराचा फोटो काढायला लावला. अशा ठिकाणी ते एकच फोटो कधीच काढत नसत. बाहेर रखरखीत ऊन, आत अंधार, एकाच मापात दोन्ही बसत नाही. मग ते स्टँड लावायचे आणि एकाच जागेवरून तीन काढायचे. एक सांभाळून, एक मापात, एक उधळून, असं त्यांचं बोलणं, म्हणजे उजेड कमी, बरोबर आणि जास्त. मिरवणूक उशिरापर्यंत चालली, यांना तुमच्याच घरात झोपायला जागा दिली. तू अण्णांच्या मांडीवर मांडवातच झोपलीस, कॅमेऱ्याची बॅगही मांडवात राहिली. पहाटे भूकंपात ते माळवद यांच्यावर आणि तुझ्या आईवर कोसळलं, ते तुला मी काय सांगू. मांडवावर पत्रे होते, म्हणून तू राहिलीस आणि बॅग राहिली.

रोल धुवायला दिला तो मीच. लॅबवाल्याने मधली फ्रेम छापली. तिसरी जास्त उजेडाने जळाली आहे म्हणून सोडून दिली, खराब फ्रेमचे पैसे लावायचे नाहीत असा त्यांचा रिवाज होता. मीही तेव्हा या धंद्यात नवी होते, जळालेली म्हटल्यावर जळालेली समजले. निगेटिव्हची पट्टी मात्र जपून ठेवली. यांच्या हातचं शेवटचं होतं ते.

आता तू म्हणशील, मग इतक्या वर्षांनी काय झालं. झालं असं की आमच्या गल्लीपासून बार्शी रोडपर्यंत जिकडे बघावं तिकडे क्लासेस, आणि क्लासेस म्हणजे फ्लेक्स. मल्लिकार्जुन सरांनी त्यांच्या नव्या हॉलचा फोटो मागितला. खिडकीतून उजेड, बाकावर दोनशे पोरं, परत तीच अडचण. मी यांच्यासारखे तीन काढले. आता ते तीन एकात मिसळणारी सॉफ्टवेअर निघाली आहेत. तुला माहीत आहे, माझी शाळा उर्दूत चौथीपर्यंत, मराठी मी पुड्यांच्या कागदांवरून शिकले, आणि आता या वयात सॉफ्टवेअरच्या मदतीच्या पानांवरून इंग्रजी शिकून राहिले. पहिलं सॉफ्टवेअर घेतलं त्यात फोटो असा निघाला की आभाळ जांभळं, भिंती लोखंडाच्या आणि पोरांच्या डोक्याभोवती पांढरी वलयं. मी म्हटलं, सर, हे बिघडलंय, परत करते. ते म्हणाले, "खाला, राहू द्या की. पोरांच्या डोक्याभोवती तेज आलंय, पालकांना लई आवडंल." तो फ्लेक्स अजून चौकात आहे. मी त्या बाजूने जायचं टाळते.

तुझा फोन आला आणि मला ती पट्टी आठवली. निगेटिव्ह स्कॅन केल्या. बुरशीचे ठिपके होते, ते एकेक करून काढले. आणि तिसऱ्या फ्रेममध्ये, मंजुषा, दाराच्या आत उजेड होता. मातीची जमीन दिसते, उतरंड दिसते, खुंटीवर टांगलेलं काहीतरी दिसतं, आणि एक बाई दिसते.

मी त्याच घाईत तिन्ही फ्रेम त्या पहिल्या सॉफ्टवेअरला दिल्या. त्याने तुझ्या आईचं इरकल लुगडं मोराच्या पिसाऱ्यासारखं केलं आणि दगडावर शेवाळ चढवलं. ते पुसून टाकलं. दुसरं फुकटचं होतं, त्यात सगळे आकडेच, आणि भरीला मधेच बंद पडायचं. तिसरं साधं निघालं. ते काही रंगवत नाही, प्रत्येक फ्रेममधला नीट उमटलेला भाग तेवढा उचलतं. पण रंग खरा कुठला हे त्याला कोण सांगणार? गुरम्माला मी कधी पाहिलं नाही. अण्णा गेले. मग एका रविवारी दुकान बंद ठेवून तुमच्या जुन्या गावाच्या जागेवर गेले. तिथे आता बाभळी आहेत. चिरे लोकांनी नेले, फुटके दगड पडलेले आहेत. एक उचलून पिशवीत घातला. कंडक्टर म्हणाला, "मावशी, मसाला वाटायला का?" मी हाव म्हटलं. तो दगड कॉम्प्युटरशेजारी ठेवला आहे. दुपारच्या उन्हात तो गच्चीवर नेऊन बघते, खाली येते, आणि पडद्यावरची भिंत त्याच्याशी जुळेपर्यंत रंग हलवते. भिंत जुळली की बाकीचं आपोआप जागेवर येतं. लुगडं हिरवं होतं, गर्द, कडेला लाल. तेवढं मी आता खात्रीने सांगू शकते.

चेहऱ्याचं मात्र तसं नाही. या सॉफ्टवेअरमध्ये एक खूण असते. तीन फोटोंच्या मधल्या वेळात जे हललं ते काढून टाकायची. क्लासच्या फोटोंना मी ती नेहमी लावते, कारण पंखे फिरतात आणि पोरं चुळबुळ करतात. हाताच्या सवयीने इथेही लावली. फोटो निघाला इतका स्वच्छ की मी क्षणभर खूश झाले. घर, अंगण, दार, आतली उतरंड. आणि माणूस कुणी नाही. तू नाहीस, तुझी आई नाही. जे हललं ते सगळं त्याने पुसलं होतं. मी खुर्ची सरकवून उठले आणि बराच वेळ दुकानाच्या पायरीवर बसून राहिले.

खूण काढली तेव्हा दोघी परत आल्या. पण उधळून काढायच्या फ्रेमला शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं, आणि तेवढ्यात गुरम्मा हलली आहे. नाक-डोळे एकात एक मिसळले आहेत. मी माझा धंदा करून बघितला. मिटलेले डोळे उघडून द्यायचं काम मी रोज करते, लोक पैसे देतात. चार दिवस बसून तुझ्या आईला भुवया दिल्या, डोळे दिले, ओठांची कड काढली. छान दिसायला लागली. मग लांबून बघितलं तर ती तू होतीस. तुझ्या नोकरीच्या अर्जाचा फोटो मीच काढला होता, तोच माझ्या बोटांत बसला होता. तो फोटो तुला दिला असता तर तू मानला असतास, आणि बाळाच्या तोंडाशी लावूनही बघितला असतास. मी तो पुसला. आता शेवटी फोटोशॉपमध्ये हाताने केलं आहे. बाहेरचं ऊन मधल्या फ्रेमचं, दाराच्या आतलं आणि तुम्हा दोघींचं सगळं तिसऱ्या फ्रेमचं, कडा हलक्या ब्रशने मिटवल्या. कुणी म्हणणार नाही की हे दोन फोटो आहेत.

तेव्हा आधीच सांगते, चेहरा मिळणार नाही. जे आहे ते असं आहे. पहिल्या दोन फ्रेममध्ये तू कॅमेऱ्याकडे बघत उभी आहेस, दुसरीत रडायला आलीस. तिसरीत तू पाठ फिरवून आत पळते आहेस, आणि ती अर्धी उठली आहे, दोन्ही हात तुझ्याकडे. तू मनात धरून बसली आहेस ना, की आई आत बसून राहिली आणि मला बाहेर उभं केलं, मला तिने अण्णांकडे सोपवलं, तिला मी नको होते. तिचा चेहरा पुसट आहे तो तुझ्यामुळे. ती तुझ्याकडे यायला निघाली होती.

आता ज्यासाठी एवढं लांबवलं ते लिहिते. फोटोत खालच्या बाजूला अंगणात एक सावली पडली आहे, ऊन पाठीमागे होतं म्हणून. पहिल्या दोन फ्रेममध्ये ती नुसती ठेंगणी आहे, कॅमेऱ्यावर वाकलेल्या माणसाची. तिसऱ्या फ्रेममध्ये तो सरळ उभा आहे आणि त्याचा एक हात वर आहे; जोडलेल्या फोटोत मी तीच सावली ठेवली आहे. शटर उघडं ठेवून हे तुला हसवत असणार. फोटोत आपली सावली येणं ही आमच्या धंद्यात चूक धरतात, आणि यांनी ती कधी येऊ दिली नव्हती. त्या पुसणाऱ्या खुणेने तीही पुसली होती. मंजुषा, मी पायरीवर जाऊन बसले ती तुझ्या आईसाठी नव्हे, खोटं कशाला बोलू. यांचा स्वतःचा एकही फोटो माझ्याकडे नाही, ते कायम कॅमेऱ्याच्या मागे. फोटो तुझ्या घरचा आहे, आई तुझी आहे, फ्रेमवाल्याकडे दिलास तर तो पहिल्यांदा खालची ती सावलीची काळी पट्टी कापायला सांगेल. ती कापू द्यायची की नाही हे तू ठरव. मी एक प्रत तशीच ठेवून घेतली तर चालेल का, एवढं कळव.

तुझीच,
बानोखाला