वायादोलिदजवळची विहीर

५ ऑक्टोबर २०२५, रविवार

मेक्सिको! ठरलं एकदाचं. थँक्सगिव्हिंगचा आठवडा, कानकूनजवळचं समुद्रकाठचं रिसॉर्ट. प्रितमने जेवताना जाहीर केलं — आठवडाभर कुणी गॅस पेटवायचा नाही, भांडी लावायची नाहीत. मनगटाला पट्टा बांधायचा आणि दिसेल ते खायचं. पायलने टेबलावर मूठ आपटली, "फायनली! माझ्या क्लासमध्ये एव्हरीवन हॅज बीन देअर."

नागपूरहून इथे ह्यूस्टनजवळ शुगर लँडला येऊन आईला महिना झालाय. वरणभात कालवत म्हणाली, "तुम्ही जाऊन या. मी घर सांभाळते."

"आई, शुगर लँडमधलं घर सांभाळावं लागत नाही," प्रितम म्हणाला. "ते एकटंच उभं राहतं."

"समुद्र पाहिलाय मी, प्रितमराव. खारट असतो."

शहात्तर वर्षांची निवृत्त मुख्याध्यापिका. तिचं नाही म्हणजे नाही — जावई असो की शिक्षणाधिकारी.

८ ऑक्टोबर

मोनाली आली होती. कॉलेजपासूनची मैत्रीण, इथे दोन गल्ल्या पलीकडे राहते, दर हिवाळ्यात कानकूनला जाते. तिचा सल्ला — "रिसॉर्टच्या बाहेर पाऊल टाकू नका यार. सगळं आतच आहे." मी म्हटलं, आम्हाला आसपासची गावं बघायचीत. "गावं? गावातून निघायला आपल्या आईबापांनी एवढा जीव काढला, आणि तू पैसे भरून गावात चाललीस!" आई खूप हसली. म्हणाली, "मोनाली, तू माझ्या वर्गात असतीस तर पहिल्या बाकावर बसवलं असतं."

"हुशार म्हणून ना, काकू?"

"बडबडी म्हणून."

मी हट्ट सोडणार नाही. वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत बारा वर्षं लोकांची प्रवासवर्णनं कापली. सगळ्यांचा समुद्र एकच — निळाशार. गावात शिरलेला लेखक विरळा. आता माझी पाळी आहे तर मी गावात शिरणार.

११ ऑक्टोबर, शनिवार

आई येतेय!!

झालं असं. मी टॅबवर वायादोलिद नावाच्या गावाजवळची ठिकाणं बघत होते. आई मागून डोकावली. चष्मा पुसला. टॅब हातातच घेतला.

"ही पायविहीर आहे."

म्हटलं, माणसाने खोदलेली नाही ती. सेनोते म्हणतात. त्या भागात जमिनीवर नदीच नाही — पाऊस चुनखडीतून थेट खाली झिरपतो, पाणी सगळं पोटात. कुठे छत कोसळलं की आतलं पाणी उघडं पडतं. मग लोकांनी पायऱ्या केल्या.

"आत माणसं दिसतायत."

"पोहतात ना."

"उतरू देतात?"

"तिकीट काढलं की देतात."

"कुणालाही?"

"कुणालाही."

बराच वेळ तिने टॅब खाली ठेवला नाही. मग म्हणाली, "मी येते. समुद्र तुम्ही बघा. मला इथे खाली जायचंय."

त्या 'कुणालाही'चा अर्थ मला कळतो. भंडारा जिल्ह्यातलं तिचं गाव. वरच्या आळीत पायविहीर. आपल्या बायकांनी घागरी घेऊन लांब थांबायचं, कुणी वरून ओतेल तेव्हा न्यायचं. हे तिने आम्हा भावंडांना एकदाच सांगितलंय, इतिहासातली सनावळी सांगावी तसं. त्यापुढे ती बोलत नाही.

१९ ऑक्टोबर

गुडघे! विहारात भेटलेल्या डॉक्टर बाईंनी तपासले. "पायऱ्या सावकाश, कठडा धरून, आणि रोज सराव." म्हणून आई रोज आमच्या जिन्यावर चढते-उतरते. पायल मोबाइलवर वेळ लावून बसते — "आजी, यू आर बीटिंग बाबा!" प्रितम खालून, "मी शर्यतीत कधी होतो?"

२ नोव्हेंबर

कपड्यांवरून घरात दोन पक्ष. आई म्हणते पंजाबी ड्रेस. पायल म्हणते, भिजून जड होईल, यू'ल सिंक. शेवटी पायलने मागवलेली काळी, पायघोळ, पूर्ण बाह्यांची पोहण्याची जोडी आली. आईने घालून आरशात पाहिलं. "वटवाघूळ!" पण काढायची घाई केली नाही. वळून मागूनही बघितलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

पोचलो. विमान चढलं नाही तोच उतरलं — ह्यूस्टनच्या ट्रॅफिकमध्ये याहून जास्त वेळ जातो.

आणि समुद्र. काय लिहू? निळाशार. झालं! दुसऱ्यांच्या लेखातून हजारदा खोडलेला शब्द, आणि आज माझ्याकडे दुसरा नाही. काठाला दुधात कालवल्यासारखा, मग पोपटाच्या पिसासारखा, आणि पुढे एकदम गर्द. वाळू इतकी पांढरी की पायलने चिमूट उचलून वास घेतला. प्रितमसारखा बोलका माणूस बॅग हातात धरून तसाच उभा.

आईने चप्पल काढून पाय बुडवले. "हा बरा आहे," म्हणाली. अरबी समुद्र नापास झाला होता तर!

२३ नोव्हेंबर

रिसॉर्ट. पलंगावर टॉवेलचा हंस करून ठेवतात. आईला तो मोडवेना, ती उशीच्या अभ्र्याने अंग पुसते. नाश्त्याला तिने हिरवी मिरची मागितली. वाढपी छोटी, नारिंगी, फुगीर मिरची घेऊन आला आणि दोन्ही हातांनी 'जपून' अशी खूण केली. आईने चावली. डोळ्यांतून धारा. तोंडाने — "बरी आहे." वाढप्याने छातीवर हात ठेवून तिला नमस्कारच केला.

दुपारी विचारते, "विहीर कधी?"

२५ नोव्हेंबर, मंगळवार

वायादोलिद. भाड्याच्या गाडीने आलो, दोन दिवस इथेच राहणार.

मी थक्क आहे. बुटकी घरं — आंबट पिवळी, गेरूची, पिकल्या पेरूच्या गरासारखी गुलाबी. मध्ये चौक, चौकात पांढऱ्या सिमेंटच्या जोडखुर्च्या, अशा की बसणारी दोघं एकमेकांच्या समोर येतात. प्रितम आणि मी बसलो. लग्नानंतर इतका वेळ एकमेकांचं तोंड बघितलं नव्हतं! "तुला इथे तीळ आहे?" म्हणाला. चोवीस वर्षांनी!

मंडईत इथल्या मूळच्या माया जमातीच्या बायका. पांढरे सैल झगे, गळ्याला रेशमी फुलांची भरगच्च वेल. आपसात स्पॅनिश नाही, मायाच बोलतात. आई एकीजवळ उकिडवी बसली. शाळेतल्या स्पॅनिशवर पायल दुभाषी. मका रात्रभर चुन्याच्या पाण्यात भिजवतात, मग दळतात. आईने पिठाचा गोळा मागून घेतला, दोन तळव्यांत थापला. त्या बाईने बघितलं, काहीतरी म्हणाली, शेजारच्या सगळ्या खदखदल्या.

"काय म्हणाली?"

"आजी, शी सेज — हात चांगला आहे, पण आकार नवरा सोडून जाईल इतका वाईट."

आई म्हणाली, "सांग तिला, नवरा गेला. चव घेऊन गेला."

पायलला ते सांगता येईना. तिने नुसतं 'नवरा गेला' सांगितलं. त्या बाईने हसणं थांबवलं, आईच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि गरम रोटी तिच्या हातात दिली. आईने मीठ मागितलं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आज जे झालं ते क्रमाने लिहिते. नाहीतर चुकेल.

विहीर गावाबाहेर, रानात. एका कुटुंबाची आहे. दारात तिकीट देणारी पन्नाशीची बाई, पुढे पायऱ्या. पायऱ्यांच्या अलीकडे उघड्यावर पाण्याचे फवारे. आई काळ्या जोडीत, वर ओढणी, सगळ्यांच्या पुढे. पहिल्या पायरीशी पोचली आणि त्या बाईने हात आडवा केला. फवाऱ्याकडे बोट.

आई थांबली. "काय म्हणते?"

पायल सहज म्हणाली, "आधी आंघोळ करायची. मग पाण्यात."

आईचा चेहरा मी आयुष्यभर पाहतेय. असा कधी पाहिला नव्हता. रिकामा.

"पाण्याला शिवायच्या आधी मी आंघोळ करायची?"

"आजी, इट्स फॉर सनस्क्रीन! सगळ्यांना आहे. थांब, विचारते." तिने विचारलं. बाईने शांतपणे उत्तर दिलं. पायल आनंदाने वळली, "शी सेज, खालून हेच पाणी पूर्ण गावाला जातं. दे ड्रिंक इट. म्हणून."

"हो," आई म्हणाली. "तेही हेच सांगायचे. आमचं पिण्याचं पाणी आहे. कारण नेहमीच असतं."

आणि वळली. ओढणी नीट केली. गाडीत जाऊन बसली.

प्रितमने मला खुणेने विचारलं — समजावू? मी नाही अशी मान हलवली. काय समजावणार? सनस्क्रीन?

पायल रडवेली. "मी काय बोलले, ममा? मला चांगलंच सांगायचं होतं." मी तिला तिथेच एका दगडावर बसवून भंडाऱ्याची ती एक ओळ सांगितली. मग ती म्हणाली, "पण आपण तर स्विमिंग टीममध्ये आहोत." आपण! टीममध्ये घरातली ती एकटीच, पण 'मी' नाही म्हणाली.

न उतरता परत आलो. कुणीच उतरलं नाही. प्रितमही नाही. आई म्हणाली, "तुम्ही जायचं होतं."

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी आई तयार होऊन बसलेली. काळी जोडी, ओढणी. "चला."

"आई, नक्की?"

"उतरायला नाही. बघायला."

दाराशी तिने प्लॅस्टिकची खुर्ची मागून घेतली, फवाऱ्यांसमोर मांडली आणि बसली. ताठ. वार्षिक तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांसारखी. मग मला कळलं — ही सगळ्यांना मोजणार आहे!

एक उंच गोरा, पाठभर गोंदण. त्याला पाठवलं फवाऱ्याखाली. गेला. कॅलिफोर्नियाचं नवं जोडपं. गेलं. मेक्सिको सिटीचं मोठं कुटुंब, त्यातली आजी सोन्याने मढलेली — तिने कुरकुर केली. तिकिटवाली बाई जागची हलली नाही. आजी गेली, बांगड्यांसकट. मग एक घाईतला माणूस नुसते केस ओले करून सटकला, पायऱ्यांच्या मधोमध पोचला. बाईने अशी हाक मारली की तो वर आला.

"परत पाठवलं त्याला!" आई माझा हात दाबून म्हणाली.

उन्हं चढली. आम्ही तिच्या मागे उभे. प्रितमने तिच्यावर छत्री धरलेली. मग आतून एक चिमुरडी धावत आली, थेट पायऱ्यांकडे. तिकिटवालीची स्वतःची नात — चेहरा तोच. बाईने तिचा दंड धरला, उचललं आणि फवाऱ्याखाली नेऊन उभं केलं. पोरगी ओरडतेय, बाई तिचे पाय चोळतेय.

आई खुर्चीतून उठली. ओढणी माझ्या हातात दिली. चालत फवाऱ्याखाली गेली आणि उभी राहिली. डोळे मिटून, तोंड वर करून. खूप वेळ. मग त्या बाईकडे बघितलं — झालं? बाईने मान डोलावली.

खाली.

आम्ही कुणी तिला धरलं नाही, तिने धरू दिलं नाही. कठडा धरून एकेक पायरी. आणि आत — मी आजवर मोठमोठी देवळं, लेणी, धरणं बघितली, असं काही नाही! छताला मधोमध भोक, त्यातून उन्हाचा एक खांब सरळ पाण्यात रोवलेला. वरच्या झाडाची मुळं दोरासारखी लोंबत थेट पाण्याला टेकलेली. पाकोळ्या गरगरतायत. पाणी इतकं नितळ की पायरी कुठे संपते ते पाय टाकल्यावरच कळतं. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं.

पायलने तिला लाइफ जॅकेट बांधलं. आईने हात जोडले नाहीत. गुडघे, कंबर, छाती. मग तिने पाय उचलले.

तरंगली! माझी आई. पाठीवर, हात पसरून, त्या उन्हाच्या खांबात. केस सुटून पाण्यावर पसरलेले. पायल शेजारी पाण्यातच उभी हात मारत होती, तिला स्पर्श न करता. प्रितम काठावर बसून सरळ रडत होता. मी फोटो काढला नाही. सुचलंच नाही.

"आई," मी हाक मारली. ती म्हणाली, "थांब गं. घाई काय आहे?"

२९ नोव्हेंबर

परतीचं विमान. खिडकीशी आई. गाढ झोपली आहे.

१ डिसेंबर, सोमवार

सकाळी मेथी निवडताना आई म्हणाली, "पहिल्यांदा नव्हते उतरले मी."

धम्मदीक्षेनंतरचा उन्हाळा. आजोबांनी घरात सांगितलेलं — आता आपण कुणाच्या खाली नाही. आठ वर्षांच्या पोरीला ते खरं वाटलं. भर दुपारी ती वरच्या आळीच्या विहिरीत उतरली, कंबरेइतक्या पाण्यात उभी राहिली. गावाने विहीर उपसली. आजोबांना चावडीसमोर मारलं. त्याच रात्री ते तिला खांद्यावर घेऊन चालत निघाले.

आजोबा गिरणीतल्या नोकरीसाठी नागपूरला आले. लहानपणापासून हेच ऐकलं, एका लेखात मी तसं छापलंही.

"गिरणी नंतर मिळाली," आई म्हणाली.